इपॉक्सी मारलं म्हणजे मडगार्ड अमर झाला?

ट्रेलरसाठी घरी प्लायवूडचे मडगार्ड बनवणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलाय: इपॉक्सीचे (राळ आणि हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या लेपाचे) दोन हात मारले की काम संपलं, रंगाची गरज नाही. हे खरं नाही.

इपॉक्सी पाणी उत्तम अडवतं, पण उन्हापुढे त्याचं काही चालत नाही. अतिनील किरणांनी ते आधी पिवळं पडतं, मग पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते, पुढे बारीक तडे जातात. वरून रंग किंवा अतिनील किरण रोखणारं व्हार्निश हवंच. लाकडाच्या रेषा दिसायलाच हव्यात असा हट्ट असेल, तर व्हार्निश अधूनमधून पुन्हा मारायची तयारी ठेवा.

खरा घात मात्र भोकांतून होतो. बोल्टसाठी नंतर भोक पाडलं, की उघड्या कडेतून पाणी थेट आत शिरतं आणि वरच्या थरामुळे सहज सुकतही नाही. लाकूड आतल्या आत कुजतं. म्हणून आधी मोठं भोक पाडायचं, भुकटी मिसळून दाट केलेल्या इपॉक्सीने ते बुजवायचं आणि कडक झाल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचं भोक घ्यायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण ही पायरी गाळू नका. प्लायच्या कडांनाही इपॉक्सी भरपूर पाजा.

फायबरग्लासचं, म्हणजे इपॉक्सीने प्लायवर चिकटवायच्या काचेच्या धाग्यांच्या कापडाचं, काम वेगळं: चाकाखालून उडणाऱ्या खड्यांचा मार सोसणं. साधारण २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं विणलेलं कापड पुरतं. काटकोनी कडेवर ते नीट बसत नाही, तिथे आधी गोलाई द्या. आणि लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू नका. जादा हार्डनर तसाच उरतो आणि थर कमकुवत राहतो.