आई-बाबांसोबत जुनी पोर्ट: बाटलीवरच्या वयामागचा इतिहास

पुण्यात ‘पोर्ट’ म्हटलं की साठीपुढच्या बहुतेकांना गोव्याहून येणारी गोड, लाल, स्वस्तातली बाटली आठवते. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेल्या या पिढीच्या घरात ती शिरली तरी अनेकदा औषध म्हणून. अशक्तपणा आला, रक्त कमी झालं की झाकणभर घ्यायची. १९६१पर्यंत गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्यामुळे नाव पोर्तुगीजांकडून आलं हे उघडच आहे. पण उत्तर पोर्तुगालमधल्या दौरो नदीच्या खोऱ्यात जी पोर्ट तयार होते, ती निराळी. आई-बाबांच्या साठीला किंवा पंचाहत्तरीला त्यातली जुनी बाटली घ्यायचं मनात असेल, तर लेबलवरचं वय कशाचं आहे ते आधी समजून घ्यायला हवं.

सुरुवात राजकारणातून झाली. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड आणि फ्रान्सचं बिनसलं, फ्रेंच वाइन मिळेनाशी झाली आणि इंग्रज व्यापारी पोर्तुगालकडे वळले. इंग्लंड आणि पोर्तुगालमधल्या १७०३च्या मेथ्यून तहाने पोर्तुगीज वाइनवरचा कर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठरला. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरच्या झाडाच्या काळ्या फळांचा, एल्डरबेरीचा रस मिसळला जाऊ लागला. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्या पोर्तुगीज मंत्र्याने १७५६मध्ये या व्यापारासाठी सरकारी कंपनी काढली, दौरोच्या मळ्यांची हद्द आखली, ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि एल्डरची झाडं उपटायला लावली. कायद्याने हद्द बांधलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या वाइन-प्रदेशांत दौरोची गणना होते ती यामुळे.

सुरुवातीला समुद्रप्रवासात वाइन टिकावी म्हणून पिंपात थोडी ब्रँडी घालत. आजची पद्धत वेगळी आहे. रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात द्राक्षांपासूनच काढलेलं, सुमारे ७७ टक्के अल्कोहोलचं स्पिरिट घालतात. चार भागांना साधारण एक भाग. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि द्राक्षाची साखर तशीच राहते. ही पद्धत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही वाद होऊन. दौरोचा सुंदर नकाशा काढणारे जोसेफ जेम्स फॉरेस्टर यांचा अशा मिश्रणाला कडाडून विरोध होता. १८६१मध्ये त्याच नदीत होडी उलटून ते बुडाले. होडीत असलेल्या दोना अंतोनिया फरेरा, दौरोतल्या बड्या मळेवाल्या, वाचल्या. घेरदार झग्यामुळे त्या तरंगल्या, असं सांगतात.

पुणेकरांनी लक्षात ठेवावा असा एक धागा इथे आहे. वसईच्या तहानंतर एप्रिल १८०३मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी पुण्यात सैन्य घेऊन आला तो आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. सहाच वर्षांनी, १२ मे १८०९ रोजी, त्याने दौरोच्या मुखाशी असलेलं पोर्तो शहर फ्रेंचांकडून परत घेतलं. पूल उडवलेला होता. नदी ओलांडली ती वाइनची पिंपं वाहणाऱ्या चार होड्यांतून! पुढे पुण्यात ब्रिटिशांचा लष्करी कॅम्प वसला. जेवणानंतर डावीकडे सरकवत पोर्टचे पेले भरायचे आणि राजाच्या नावाने उचलायचे, ही ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसची जुनी रीत.

आता वयाचा मुद्दा. अठराव्या शतकात फुगीर बुडाच्या बाटल्या हळूहळू सरळ, उभट झाल्या. त्या आडव्या ठेवता येऊ लागल्या, बूच ओलं राहू लागलं आणि वाइन बाटलीतच वर्षानुवर्षं मुरवता येऊ लागली. त्यातून व्हिंटेज पोर्ट आली. एकाच उत्तम वर्षाची द्राक्षं, पिंपात जेमतेम दोन-तीन वर्षं, बाकी सगळं आयुष्य काचेत. दुसरी वाट पिंपाची. दौरोचं खोरं उन्हाळ्यात भाजून निघतं, म्हणून वाइन होड्यांतून खाली पोर्तोसमोर, नदीपलीकडच्या गाया नावाच्या गावात आणत. अटलांटिकच्या दमट गारव्यात ती लाकडात सावकाश मुरे, लाल रंग उतरून तांबूस होई, आक्रोड-अंजिराचा वास धरी. ही टॉनी. तिच्यावरचे १०, २०, ३०, ४० हे आकडे एका वर्षाचे नसतात. अनेक वर्षांच्या वाइनचं ते मिश्रण असतं आणि त्या वयाची चव त्यात आहे की नाही हे पोर्तोतल्या पोर्ट संस्थेचं परीक्षक मंडळ ठरवतं. एकाच वर्षाची टॉनी हवी असेल तर कोल्येइता बघावी. ती निदान सात वर्षं पिंपात असते आणि बाटलीत कधी भरली तेही लेबलवर लिहिलेलं असतं.

जन्मसालाची बाटली द्यायचा मोह मी समजू शकतो. बाबा १९६३चे असतील तर ते पोर्टचं गाजलेलं साल आहे. पण इतकी जुनी व्हिंटेज म्हणजे तळाशी जाड गाळ, हलक्या हाताने निथळणं, आणि उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवणं. घरात पिणारी दोन-तीनच माणसं असतील तर ते जमत नाही. माझं मत स्पष्ट आहे: अशा घरासाठी २० वर्षांची टॉनी. गाळ नाही, बाटली उघडून फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे चांगली राहते, आणि थोडी गारच प्यायची असते. सोबत सुके अंजीर, आक्रोड, नाहीतर घरची करंजी. साल महत्त्वाचं असेल तर त्या वर्षाची कोल्येइता शोधावी.

एक गोष्ट आई-बाबांशी आधीच बोलून घ्यावी. पोर्ट हे टॉनिक नाही. तिच्यात १९ ते २२ टक्के अल्कोहोल असतं आणि लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे ६० मिलीच्या पेल्यात साधारण सहा ग्रॅम. मधुमेह असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

खरेदी करताना बाटली दुकानात दिव्याखाली किंवा उन्हात उभी असेल तर दुसरी मागावी. पुण्याचा एप्रिल-मे जुन्या वाइनला सोसत नाही. परदेशाहून कुणी येणार असेल तर कस्टम्सच्या नियमाप्रमाणे प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. त्यात ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात.