सोळाशे, शंभर आणि गोळा

महाराष्ट्रातल्या पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, 50 गुणांचं. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना सोळाशेऐवजी आठशे. लेखीला पात्र व्हायचं तर निम्मे, म्हणजे 25 गुण तरी लागतातच. आता हिशेब करा: सोळाशेला पैकीच्या पैकी घेणारा, पण बाकी दोन्हींत शून्य मिळवणारा पोरगा 20 वर अडकतो आणि घरी जातो. ही गुणपद्धत ठरवताना शरीरशास्त्राचा किती विचार झाला असेल देव जाणे, पण निवड मोठी मार्मिक आहे: तिन्हींत शरीर ऊर्जा वेगवेगळ्या वाटेने मिळवतं.

गोळा फेकण्याचा सगळा मामला सेकंद-दीड सेकंदाचा. तिथे दमसासाचं काही काम नाही. स्नायूत तयार असलेलं एटीपी, म्हणजे पेशीचं थेट वापरायचं इंधन, आणि ते झटपट भरून काढणारं क्रिएटिन फॉस्फेट, एवढ्यावर भागतं. शंभर मीटरला हा साठा पुरत नाही, म्हणून ऑक्सिजनची वाट न पाहता ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, फोडून ऊर्जा काढावी लागते. सोळाशे मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटं. तिथे मात्र बहुतेक भार ऑक्सिजनवर, म्हणजे हृदय, केशवाहिन्या आणि पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर.

‘रनिंग वाढवलं की स्टॅमिना येतो, बाकीचं आपोआप येतं,’ असं ग्राउंडवर सर्रास ऐकू येतं. आपोआप काही येत नाही. स्वीडनचे शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट सॉल्टिन यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यासाठी बघण्यासारखा आहे. त्यांनी माणसांना एकेका पायाने सायकल मारायला लावली. काहींच्या एकाच पायाला व्यायाम दिला, दुसरा रिकामा ठेवला. काहींच्या एका पायाला दमाचा व्यायाम दिला, तर दुसऱ्याला वेगाचा. हृदय एकच, रक्त एकच, तरीही ऑक्सिजन वापरणारी विकरं (एन्झाइम) वाढली ती कसलेल्या पायाच्या स्नायूंत. रिकाम्या पायाला शेजाऱ्याच्या मेहनतीतून फारसं काही मिळालं नाही. मग नुसत्या धावण्याने खांद्याला गोळा फेकता येईल, ही आशा कशाच्या बळावर धरायची?

जिममधली समजूत याच्या बरोबर उलटी: ‘धावलास की बॉडी उतरणार.’ ही मात्र अगदीच हवेतली नाही. रॉबर्ट हिक्सन हे अमेरिकी संशोधक स्वतः वजनं उचलणारे होते. सहनशक्तीच्या व्यायामावर काम करणाऱ्या जॉन हॉलोझी यांच्या प्रयोगशाळेत ते आले, त्यांच्यासोबत धावायला लागले, आणि आपली ताकद घटतेय असं त्यांच्या लक्षात आलं. पुढे त्यांनी रीतसर प्रयोग केला. तो 1980 मध्ये छापून आला. तीन गट, दहा आठवडे: एक फक्त ताकदीचा, आठवड्यातून 5 दिवस, दुसरा फक्त दमाचा, 6 दिवस, तिसऱ्याने दोन्ही केलं. तिसऱ्या गटाचा दम दुसऱ्याइतकाच वाढला. ताकद मात्र सातव्या आठवड्याच्या सुमारास थबकली आणि शेवटी घसरली.

ताकद का घसरते याचं पेशीतलं स्पष्टीकरणही नंतर पुढे आलं. ऊर्जा आटली की एएमपीके नावाचं विकर जागं होतं आणि स्नायू बांधायला लावणाऱ्या एमटॉर या प्रथिनाला आवर घालतं. उंदरांत हे छान दिसतं. माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही.

हिक्सनचं नाव घेणारे एक गोष्ट विसरतात. त्याच्या तिसऱ्या गटाने आठवड्याला 11 वेळा व्यायाम केला होता, तोही मुख्यतः पायांचाच. एवढ्यावर कुणीही थकेल. 2022 मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा दोन्ही व्यायाम मिळून केल्याने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद कमी होते असं दिसलं नाही. फटका बसतो तो स्फोटक ताकदीला, म्हणजे क्षणात लावायच्या जोराला, आणि तोही विशेषतः दोन्ही एकाच सत्रात उरकले तर.

भरतीच्या पोरांना नेमकं हेच नडतं, कारण गोळा आणि शंभर मीटर ही दोन्ही स्फोटक कामं. पहाटे आधी सोळाशेचे राउंड, मग थकल्या पायांनी स्प्रिंट, आणि शेवटी उरलेल्या पाच मिनिटांत गोळा, हा क्रम मला तरी उफराटा वाटतो. मुलांचा गोळा 7.26 किलोचा. तो तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा, मानेला टेकवायचा. जोर निघतो मागच्या पायातून, कमरेच्या वळणातून वर येतो, हात सगळ्यात शेवटी. नवख्याचा गोळा पहिल्या काही आठवड्यांत पुढे जायला लागतो तो दंड फुगल्यामुळे नव्हे. मज्जासंस्था हा क्रम शिकते म्हणून. दमलेल्या शरीराला असलं बारीक काम शिकवणं अवघडच. म्हणून गोळा आणि स्प्रिंट ताजंतवानं असताना, लांब धावणं संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी.

भरतीचं वय उलटून गेलेल्यांनाही दम आणि ताकदीची ही वाटणी सुटलेली नाही. वय वाढतं तसे आधी रोडावतात ते वेगवान स्नायुतंतू, म्हणजे ठेच लागल्यावर तोल सावरणारे. रोजच्या रमतगमत चालण्यात त्यांना फारसं काम मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत म्हणूनच आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायामाच्या जोडीला दोन दिवस ताकदीचे सांगितले आहेत, आणि पासष्टीपुढच्यांना तोल व ताकदीचा मिश्र व्यायाम तीन दिवस. आमच्याकडे डॉक्टरांनी ‘चालत जा’ म्हटलं की पहिली शिफारस पाळली जाते, उरलेल्या दोन कागदावरच राहतात.