मार्चमधील हिमवादळांचा हौशी मागोवा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिवाळा सरता सरता येणाऱ्या मोठ्या हिमवादळांवर हवामानाची आवड असलेले नागरिक पाच-सात दिवस आधीपासून नजर ठेवतात, अंदाज बांधतात आणि शेवटी पडलेला बर्फ स्वतः मोजून नोंदवतात. यांतले अनेक जण व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ नसतात, पण त्यांच्या मोजणीचा उपयोग राष्ट्रीय हवामान सेवेलाही होतो. जानेवारीतल्या वादळापेक्षा मार्चमधले वादळ पारखणे बरेच अवघड असते. जानेवारीत प्रश्न बहुधा ‘किती?’ एवढाच असतो. मार्चमध्ये त्याआधी ‘बर्फ की पाऊस?’ हे ठरवावे लागते.

ही वादळे ‘नॉरईस्टर’ या प्रकारात मोडतात, म्हणजे किनाऱ्यावर त्यांचे वारे ईशान्येकडून येतात. कमी दाबाचे केंद्र बहुधा जॉर्जिया ते न्यू जर्सी या टापूत, किनाऱ्यापासून सुमारे १६० किमी.च्या आत तयार होते आणि ईशान्येकडे सरकते. कॅनडाकडील थंडी अजून ओसरलेली नसते, दक्षिणेकडे मात्र ऊन तापू लागलेले असते. या तफावतीमुळे मार्चमधले वादळ झपाट्याने तीव्र होऊ शकते. केंद्रातील दाब २४ तासांत २४ मिलिबार (हवेच्या दाबाचे एकक) उतरला तर त्याला ‘बॉम्ब’ म्हणतात. हा निकष ६०° अक्षांशासाठी असून ४०° अक्षांशावर सुमारे १८ मिलिबार पुरतात.

मार्चचा पेच असा, की न्यू इंग्लंडलगतचे (अमेरिकेच्या अगदी ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांलगतचे) समुद्राचे पाणी वर्षातले सर्वांत थंड असले तरी गोठणबिंदूच्या काही अंश वरच असते. समुद्रावरून येणारा वारा खालची हवा तेवढी उबदार करतो आणि किनाऱ्यावर बर्फाचे रूपांतर पावसात होते. शिवाय मार्चच्या मध्यावर सूर्य सप्टेंबरअखेरीइतका वर आलेला असतो. पातळ ढगांतून झिरपणारा उजेडही डांबरी रस्ता तापवतो, त्यामुळे दुपारी हलका बर्फ पडत राहिला तरी रस्त्यावर साठत नाही. तोच बर्फ रात्री पडला, किंवा दिवसा तासाला दोन-तीन सेंमी.च्या वेगाने पडला, तर साठतो. म्हणून मुरलेला निरीक्षक एकूण आकड्याआधी वेग आणि वेळ पाहतो.

वेगाला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. हिमकण वितळताना भोवतालच्या हवेतली उष्णता शोषतात. वृष्टी जोरदार असेल तर ही शोषणक्रिया जमिनीलगतचा थर शून्यापर्यंत थंड करते आणि पावसाचे रूपांतर बर्फात होते. जोर ओसरला की पुन्हा पाऊस. हवा कोरडी असेल तर बाष्पीभवनानेही थंडावा येतो. तापमान ४° से. आणि दवबिंदू उणे ८° से. असेल, तर ओल्या फुग्याच्या तापमापकावर (ज्याचा फुगा ओल्या कापडात गुंडाळलेला असतो) शून्याच्या आसपास आकडा दिसतो आणि वृष्टी सुरू झाल्यावर हवा त्याच दिशेने उतरते. नुसते तापमान पाहून ‘आज पाऊसच’ म्हणणारा इथे हमखास चुकतो. उंचीचाही मोठा हात असतो: ३०० मीटर चढले की हवा सुमारे दोन अंशांनी थंड होते, त्यामुळे टेकडीवर फूटभर बर्फ आणि दरीत चिखल हे चित्र मार्चमध्ये नेहमीचे.

पाच दिवसांपासून एक दिवसापर्यंत

दूरच्या टप्प्यात काम चालते ते संगणकावर हवेच्या पुढच्या हालचालींचे गणित करणाऱ्या प्रतिमानांवर, म्हणजे बोलीभाषेत मॉडेलांवर. अमेरिकेचे ‘जीएफएस’ दिवसातून चार वेळा (००, ०६, १२ आणि १८ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) चालते आणि त्याचे नकाशे सुमारे साडेतीन तासांनी येऊ लागतात. युरोपीय केंद्राचे ‘ईसीएमडब्ल्यूएफ’ त्यानंतर येते. पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे जीएफएस साधारण साडेदहाला सुरू होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासाने पुढे गेली की साडेअकराला. हवेची मोजमापे घेणाऱ्या फुग्यांची नियमित उड्डाणे ००च्या आणि १२च्या वेळेचीच असतात.

या टप्प्यावर एकाच धावेतला (मॉडेल एकदा चालवून मिळालेला) बर्फाचा नकाशा पाहून हुरळून जाणे ही सर्वांत सामान्य चूक. पाहायचे असते ते समूह-अंदाजांकडे: अमेरिकी समूहात ३१ आणि युरोपीय समूहात ५१ धावा असतात, प्रत्येकीत सुरुवातीची स्थिती किंचित वेगळी. कमी दाबाची केंद्रे नकाशावर कुठे दाटली आहेत आणि ती कोणत्या बाजूला पांगली आहेत, यावरून खरी अनिश्चितता कळते. सलग तीन-चार धावांत सगळा पुंजका एकाच दिशेला सरकत असेल तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट. एकच धाव उडी मारत असेल तर वाट पाहावी.

मार्ग पारखण्यासाठी ४०° उत्तर, ७०° पश्चिम हा नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेकडील समुद्रातला बिंदू मानदंड म्हणून वापरतात. केंद्र या बिंदूजवळून गेले तर बॉस्टन आणि दक्षिण न्यू इंग्लंडला भरघोस बर्फाची संधी असते. ते किनाऱ्याकडे सरकले तर किनारपट्टी पावसात आणि आतला डोंगराळ भाग बर्फात जातो. फार बाहेरून गेले तर केप कॉड या भूशिराच्या पलीकडे फारसे काही पडत नाही. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियासाठी हा मानदंड जसाच्या तसा लागू करू नये, त्यांना वादळ आणखी पश्चिमेकडून यावे लागते.

बर्फाचे नकाशे वाचताना गुणोत्तर विसरू नये. बरेच नकाशे एक भाग पाण्याला दहा भाग बर्फ धरतात. मार्चचा ओला बर्फ सहा-आठास एक इतकाच भरतो. ३० मिमी. पाण्याचे दहाच्या हिशेबाने ३० सेंमी. दिसतात, साताच्या हिशेबाने २१. त्यात पहिला तास-दोन तास पावसात गेला तर आणखी कमी. काही नकाशे गोठलेल्या पावसाचे खडेसुद्धा दहाच्या दराने बर्फात धरतात, प्रत्यक्षात ते दोन-तीनास एकच भरतात. मार्चपुरता ‘जमिनीवरील साठ्यातील वाढ’ दाखवणारा नकाशा अधिक भरवशाचा. ओल्या बर्फाचा धोका मात्र थराच्या जाडीवरून ओळखता येत नाही. ३० मिमी. पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ३० किग्रॅ. वजन, आणि हा बर्फ फांद्यांना व विजेच्या तारांना चिकटून राहतो.

शेवटचे चोवीस तास

आता जागतिक मॉडेल बाजूला ठेवून तीन किमी. जाळीची ‘एचआरआरआर’सारखी, दर तासाला चालणारी मॉडेल आणि हवेचे उभे छेद (उंचीनुसार तापमान व ओलावा दाखवणारे आलेख) वाचायचे. छेदात जमिनीपासून वरपर्यंत प्रत्येक थर तपासावा. फक्त ८५० मिलिबारचे (सुमारे दीड किमी. उंची) तापमान शून्याखाली आहे म्हणून निश्चिंत होणारे फसतात, कारण उबदार हवेची जीभ अनेकदा ७५० ते ८०० मिलिबारच्या दरम्यान, म्हणजे त्याहून वर, शिरते. त्या थरात एक-दोन अंश जरी धन तापमान असले तरी हिमकण वितळतात आणि खाली येईपर्यंत पुन्हा गोठून त्यांचे खडे होतात. उणे १२° ते उणे १८° से. या पट्ट्यात हवा जोरात वर चढत असेल तर शाखायुक्त मोठे हिमस्फटिक तयार होतात आणि साठा भराभर वाढतो.

१४ मार्च २०१७चे वादळ या दृष्टीने बारकाईने अभ्यासण्याजोगे आहे. न्यूयॉर्क शहरात दीड फूट किंवा त्याहून अधिक बर्फाचा अंदाज होता. वादळाचा मार्ग पश्चिमेकडे कलला, वरची उबदार जीभ शहरावर आली, बर्फाचे खडे झाले आणि सेंट्रल पार्कमध्ये ७.६ इंच नोंदले गेले. त्याच वादळात राज्याच्या आतल्या भागातील बिंगहॅम्टनला ३० इंचांहून अधिक बर्फ पडला. वादळ फसले नव्हते, पाऊस-बर्फाची रेषा सरकली होती. ५-६ मार्च २००१ला तर केंद्र अपेक्षेपेक्षा उत्तरेला तयार झाले: फिलाडेल्फिया-न्यूयॉर्क पट्टा जवळजवळ सुटला आणि न्यू इंग्लंडचा आतला भाग गाडला गेला. याउलट १२ ते १४ मार्च १९९३च्या महावादळाची चाहूल सुमारे पाच दिवस आधी लागली होती आणि अंदाजशास्त्राच्या इतिहासात तो टप्पा मानला जातो.

वादळ सुरू झाल्यावर दुहेरी ध्रुवीकरणाचे (आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारे) रडार कामी येते. त्यातील सहसंबंध गुणांक, म्हणजे कण किती एकसारखे आहेत हे सांगणारा आकडा, शुद्ध बर्फात किंवा शुद्ध पावसात १ च्या जवळ असतो. वितळते मिश्रण आले की तो घसरतो. पडद्यावर ही घसरण शहराकडे सरकताना दिसली, की खड्यांची वेळ बऱ्यापैकी अचूक सांगता येते. केंद्राच्या वायव्येस तयार होणाऱ्या अरुंद पट्ट्यांत तासाला पाच-सात सेंमी. बर्फ पडू शकतो, तर दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात हवा खाली बसत असल्यामुळे वृष्टी मंदावते. वीस किमी.वरच्या दोन गावांच्या आकड्यांत दुपटीचा फरक पडतो तो यामुळे.

मोजणी

सुमारे ४० सेंमी. चौरस, पांढरी रंगवलेली प्लायवूडची फळी, घर-झाडांपासून दूर, सपाट जागी, वादळाआधीच ठेवावी आणि शेजारी खूण रोवावी. बर्फाची जाडी इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचतात. फळी सहा तासांतून एकदाच, म्हणजे दिवसात चारदाच पुसायची. दर तासाला पुसली तर बर्फाला दबायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. जानेवारी २०१६च्या वादळातील नेवार्क विमानतळाची नोंद याच कारणाने अग्राह्य ठरली. मार्चमध्ये उलटी चूक अधिक होते: बर्फ थांबून ऊन पडल्यावर दोन तासांनी मोजायला गेले तर बराचसा वितळलेला असतो. म्हणून वृष्टी थांबताच किंवा तिचे पावसात रूपांतर होण्याआधी मोजावे.

पाण्याची मोजणी त्याहून महत्त्वाची. १९९७च्या फोर्ट कॉलिन्स महापुरानंतर १९९८ मध्ये कोलोरॅडोत सुरू झालेल्या ‘कोकोराझ’ या स्वयंसेवी जाळ्याचे निरीक्षक चार इंच व्यासाचे पर्जन्यमापक वापरतात. हिमवादळाआधी त्यातले नरसाळे आणि आतली नळी काढून फक्त बाहेरचे भांडे ठेवतात. सकाळी सातला त्यात मोजलेले कोमट पाणी ओतून बर्फ वितळवतात आणि एकूण मापातून ओतलेले पाणी वजा करतात. जोरदार वाऱ्यात भांड्यात बर्फ कमी पडतो, अशा वेळी तेच भांडे उलटे करून फळीवरील बर्फात दाबतात, कापलेला गोल वितळवतात आणि तो आकडा ग्राह्य धरतात. बर्फाची जाडी भागिले पाणी, हे गुणोत्तर मग नकाशातल्या दहाशी ताडून पाहता येते.

मोठ्या वादळांची तुलना २००४ मध्ये पॉल कोसिन आणि लुई उचेलिनी या हवामानशास्त्रज्ञांनी मांडलेल्या ‘नेसिस’ या मापनश्रेणीवर होते. तीत बर्फाची जाडी, व्यापलेले क्षेत्र आणि तिथली लोकसंख्या एकत्र धरून १ ते ५ असा दर्जा देतात. निर्जन डोंगरात तीन फूट बर्फ टाकणारे वादळ त्यामुळे खालच्या दर्जात राहते. पाचवा दर्जा मिळालेल्या मोजक्या वादळांत मार्च १९९३चे महावादळ गुणांत सर्वांत वर आहे.