डिजिटल हक्क संस्था आणि लोकवर्गणी

डिजिटल हक्क संस्था म्हणजे इंटरनेटवर बोलण्याचे, माहिती मिळवण्याचे आणि आपले खासगीपण जपण्याचे स्वातंत्र्य राखण्यासाठी झटणाऱ्या ना-नफा संस्था. न्यायालयात दाद मागणे, सरकारी मसुद्यांवर हरकती नोंदवणे, माहिती अधिकारात अर्ज टाकून दडलेली कागदपत्रे बाहेर काढणे आणि कायदा लोकांना समजेल अशा भाषेत सांगणे, ही त्यांची रोजची कामे. समोर बहुतेक वेळा सरकार असते, नाहीतर एखादी बलाढ्य कंपनी. सामाजिक कामांना मोठ्या रकमा देणारेही बहुतेक हेच दोघे. त्यामुळे या संस्थांचा कणा ताठ राहायचा तर सामान्य माणसाची लहानशी, पण दरमहा येणारी वर्गणी लागते. एकेक पैसा जमवून तळेगावला काचकारखाना काढणाऱ्या पैसा फंडाच्या महाराष्ट्राला ही रीत परकी नाही.

या क्षेत्रातली सर्वांत परिचित संस्था म्हणजे अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन. मार्च १९९० मध्ये अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने ऑस्टिन शहरातील ‘स्टीव्ह जॅक्सन गेम्स’ या छोट्या प्रकाशनसंस्थेवर छापा घालून संगणक उचलून नेले. त्यांत लोकांची अजून न वाचलेली ई-पत्रेही होती. त्याच वर्षी मिच केपॉर, जॉन गिलमोर आणि जॉन पेरी बार्लो यांनी ही संस्था काढली. प्रकाशनसंस्थेच्या दाव्यामागे ती उभी राहिली आणि १९९३ मध्ये निकाल प्रकाशनसंस्थेच्या बाजूने लागला. मोझिला आणि मिशिगन विद्यापीठाबरोबर मिळून तिने पुढे ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा उभारण्यात वाटा उचलला. संकेतस्थळे सुरक्षित करण्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे त्यामुळे कोणालाही फुकट मिळू लागली.

भारतात बेंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी (२००८) आणि दिल्लीची सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर म्हणजे एसएफएलसी (२०१०) या आधीच्या संस्था. इंटरनेटबंदीच्या घटनांची देशभरची नोंद ठेवण्याचे चिकाटीचे काम एसएफएलसी करते. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनचा जन्म मात्र एका लोकचळवळीतून झाला, म्हणून तिची हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ११८ पानांचे एक सल्लापत्र काढले. इंटरनेटवरच्या सेवांना वेगवेगळे दर लावू द्यावेत का, असा त्याचा रोख होता. प्रश्न २० आणि भाषा तांत्रिक इंग्रजी. काही वकील, पत्रकार आणि प्रोग्रामर यांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ हे संकेतस्थळ उभारून उत्तरांचा मसुदा तयार ठेवला आणि पाहता पाहता १० लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेले. ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसह जाहीर करून टाकले. खासगीपणाची जाण यंत्रणेत किती कमी होती, याचा हा बोलका पुरावा म्हणावा लागेल. वर्षअखेरीस फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’साठी, म्हणजे मोजकीच संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या आपल्या योजनेसाठी, वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि आपल्या वापरकर्त्यांकडून ट्रायला साच्यातले संदेश पाठवून घेतले. तरीही ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास मनाई केली. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड ठरला. फेसबुकने योजना भारतातून मागे घेतली. चळवळीतल्या स्वयंसेवकांनी त्याच वर्षी कायमस्वरूपी संस्था काढली, ती इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन.

कायमस्वरूपी संस्था कशाला हवी, हे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा सांगणाऱ्या कलम ६६ अ च्या इतिहासातून कळते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाल्याबद्दल फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि ते ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण या दोघींना अटक झाली. त्यातूनच श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले हे कलम घटनाबाह्य ठरवले. बातमी तिथे संपली, अन्याय संपला नाही. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जातच राहिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने हे पुन्हा न्यायालयापुढे आणले, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश सर्व राज्यांना मिळाला. मधली सात वर्षे कोणीतरी नोंदी जमवत बसले होते. एखादी घटना गाजते तेव्हा देणग्या येतात, पण अशी वर्षे निघतात ती महिन्याच्या वर्गणीवर.

मुंबई उच्च न्यायालयातही या विषयावर महत्त्वाच्या लढाया झाल्या. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील डिजिटल माध्यमांवर आचारसंहिता लादणाऱ्या तरतुदींना, ‘द लीफलेट’ आणि पत्रकार निखिल वागळे यांच्या याचिकांवर, १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती मिळाली. सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारी कक्षानेच ठरवण्याची २०२३ ची दुरुस्ती विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि असोसिएशन ऑफ इंडियन मॅगझिन्स यांनी आव्हानित केली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती घटनाबाह्य ठरवली.

पैशाची वाट भारतात अरुंद आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीत शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आहे, डिजिटल हक्कांचे नाव नाही. करसवलतीची मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ‘८० जी’) असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते, पण २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ती सवलतच नाही. परदेशी पैशासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला तो पैसा छोट्या संस्थेकडे वळवता येत नाही. परदेशातल्या मराठी माणसांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी, तीच रक्कम परकीय ठरते.

पैशाखेरीजही मदत करता येते. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद झाले. अशा वेळी आदेशाची प्रत माहिती अधिकारात गृह विभागाकडे मागण्याचा हक्क कोणत्याही नागरिकाला आहे. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये, मर्यादा १५० शब्दांची आणि एका अर्जात विषय एकच.