ऊती

ऊती : मुख्यतः सारख्या बांधणीच्या, मिळून एक काम करणाऱ्या पेशी आणि त्यांच्यामधला आंतरपेशीय पदार्थ यांचा समूह. ‘ऊतक’ असेही म्हणतात. पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था या चढत्या क्रमातली ही दुसरी पायरी.

शब्दाचे मूळ विणकामात आहे. संस्कृतात ‘ऊति’ म्हणजे विणणे. ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ याच कुळातला. इंग्रजी ‘टिश्यू’सुद्धा विणलेल्या कापडासाठीच्या फ्रेंच शब्दावरून आला. सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलांना ऊती शिकवायची तर हे मूळ आधी सांगावे, व्याख्या मागाहून. सुताचे बाचके म्हणजे चादर नव्हे. ताणा-बाणा ठरलेल्या रीतीने गुंतला की चादर होते. माणसाच्या शरीरात सुमारे ३० ते ३७ लाख कोटी पेशी असतात असा अंदाज आहे, पण त्या नुसत्या एकत्र आल्याने शरीर होत नाही.

फ्रेंच वैद्य झाव्ये बिशा (१७७१–१८०२) याने सूक्ष्मदर्शक न वापरता, शरीराचे भाग उकळून, वाळवून, आम्लात ठेवून २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या ओळखल्या. श्लायडेन आणि श्वान यांचा पेशी सिद्धांत आला १८३८–३९ मध्ये. कापडाचे पोत आधी कळले, धाग्याचे महत्त्व नंतर!

आज चार मुख्य प्रकार मानतात : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता ऊती.

अभिस्तर ऊती शरीराचे बाहेरचे आणि आतले पृष्ठभाग झाकते. लहान आतड्यातली तिची मांडणी समजून घ्यायला सोलापुरी टॉवेल हातात घ्यावा. साध्या कापडापेक्षा तो जास्त पाणी टिपतो, कारण त्याच्या अंगावर सुताचे बारीक फासे उभे असतात आणि त्यामुळे पाण्याला लागणारा पृष्ठभाग वाढतो. आतड्याच्या आतल्या बाजूवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे रसांकुर असेच दाटीने उभे असतात. प्रत्येक रसांकुरात रक्तकेशिकांचे जाळे आणि एक लसीकावाहिनी असते. खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीतला स्टार्च ग्लुकोज होऊन याच रसांकुरांमधून रक्तात उतरतो. श्वासनलिकेत हीच ऊती रोमक, म्हणजे केसांसारखे बारीक रोम असलेली असते. तिचे रोम श्लेष्म्यात अडकलेली धूळ घशाकडे ढकलत राहतात. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केले की ही झाडलोट अपुरी पडते. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होणे ही बिसिनोसिस या गिरणी कामगारांच्या आजाराची ठळक खूण आहे. ती थकवा म्हणून अंगावर काढू नये.

संयोजी ऊतीत पेशी विरळ आणि मधला पदार्थ जास्त. हाड, कास्थी, चरबी यांत येतात, आणि रक्तही. त्यातला मधला पदार्थ म्हणजे द्रव. स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, यातलेच. मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्या बोटांत स्वतःचे स्नायू नसतात. बोटे हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि त्यांचे रज्जू मनगटातून बोटांपर्यंत जातात. मूठ घट्ट आवळून मनगट किंचित आत वळवले, की हे दोर त्वचेखाली उठून दिसतात. स्नायू ऊती आकुंचन पावते, चेता ऊती संदेश नेते. सांधलेल्या एका धाग्यामागे या साऱ्या ऊती राबतात.

कापडाची उपमा दुरुस्तीपाशी मात्र तोकडी पडते. आतड्याचे अभिस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. असे स्वतःला विणून घेणारे कापड नाही. उलट हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला हृदयस्नायू जवळजवळ परत येत नाही. तिथे तंतुमय संयोजी ऊतीचा वण तयार होतो. हे रफू भिंत धरून ठेवते, पण आकुंचन पावत नाही.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या (स्थापना १९६३) संस्थांत विद्यार्थी ऊती पाहतात त्या काचपट्टीवर. मेणात बसवलेल्या ऊतीचा काही मायक्रोमीटर जाडीचा काप घेऊन तो हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांनी रंगवतात. हिमॅटॉक्सिलिन मिळते ते लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून. याच लाकडाने पूर्वी कापड रंगवत. रंग पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटी वापरत आले, आणि इथेही बहुधा तुरटीच लागते. तिच्यामुळे रंग पेशीकेंद्रकांना धरून राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रके निळीजांभळी आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसतो.