फेरेटची शिंक आणि फुप्फुसातला झाडू

जानेवारीत ग्वाल्हेरला कधी कधी आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. धुकं आणि धूर मिळून एकच राखाडी पडदा शहराच्या लष्कर भागापासून थाटीपूरपर्यंत पसरतो. अशाच एका सकाळी शेजारचे अण्णा खोकत खोकत फाटकाशी आले आणि म्हणाले, "ताई, मागच्या साली फ्लूची सुई घेतली अन् आठ दिवसांत फ्लूच झाला. यंदा नाही घेणार. साधी सर्दी तर असते!"

अण्णा पंच्याहत्तरीचे. बिडीला कधी हात लावला नाही, पण लहानपण आईच्या चुलीजवळ गेलं आणि नोकरी दगडाच्या खाणीवर हिशेब लिहिण्यात. आता डॉक्टरांच्या कागदावर 'सीओपीडी' लिहिलेलं असतं, म्हणजे फुप्फुसाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. अण्णांच्या त्या बोलण्यात दोन चुका होत्या, आणि दोन्ही त्यांच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून हे लिहायला बसले.

फ्लू आणि जुनाट खोकला या दोन्ही गोष्टी आयुष्यभर अभ्यासणारा एक डॉक्टर होऊन गेला, चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस. इंग्लंडचा. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगते. १८९२ मध्ये जर्मनीत रिचर्ड फायफरला फ्लूच्या रुग्णांच्या थुंकीत एक जिवाणू सापडला. फ्लूचं कारण हेच, असं ठरलं, आणि त्या जिवाणूच्या नावाला 'इन्फ्लुएन्झा' चिकटलं ते आजही सुटलेलं नाही. ते कारण खोटं ठरायला चाळीस वर्षं लागली. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशाचं पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढलं की एकही जिवाणू पलीकडे जाऊ नये. मग ते फेरेटच्या नाकात सोडलं. फेरेट म्हणजे पाणमांजराच्या कुळातला लांबोडका प्राणी. त्यांच्या संशोधन संस्थेत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर संशोधन चाललं होतं, त्यासाठी तो आधीपासून पाळलेला होता. फेरेटला ताप आला, नाक वाहू लागलं, शिंका सुरू झाल्या. गाळणीतून निसटलेला तो विषाणू होता.

पण माणसाचा विषाणू फेरेटला आजारी करतो एवढ्यानं समाधान होत नाही. फेरेटमधला विषाणू पुन्हा माणसाला तोच आजार देतो का? मुद्दाम असा प्रयोग कोण करणार! तो १९३६ मध्ये आपोआप घडला. त्याच संस्थेतला तरुण स्टुअर्ट-हॅरिस आजारी फेरेट तपासत होता आणि ते अगदी जवळून त्याच्या तोंडावर शिंकलं. दोन दिवसांच्या आत त्याला फ्लू झाला. त्याच्या घशातून विषाणू परत मिळवला गेला. माणूस, फेरेट, पुन्हा माणूस असं वर्तुळ पूर्ण झालं आणि वादाला जागा उरली नाही. तिथे काम करणारे लोक रबरी बूट आणि जंतुनाशकानं धुतलेले रेनकोट घालून वावरत. इतकी काळजी घेऊनही एक शिंक पुरली.

फेरेट निवडला गेला ही नशिबाची गोष्ट होती, आणि ती का हे सांगताना मला माझ्या सगळ्यात आवडत्या विषयावर यावं लागतं.

आपल्या श्वासनलिकेचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मखमलीसारखं दिसतं. पेशीपेशीच्या माथ्यावर सुमारे दोनशे बारीक केस असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना रोमक म्हणतात. ते नुसते उभे नसतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. पुढे जाताना ताठ, मागे येताना वाकून. गव्हाच्या शेतावरून वारा गेल्यावर उठते तशी लाट त्यांच्यावरून सरकत राहते. त्यांच्यावर चिकट शेंबडाचा पातळ थर असतो. धूळ, धूर, जिवाणू त्याला चिकटतात आणि लाटेबरोबर वर घशाकडे नेले जातात. आपण ते नकळत गिळून टाकतो आणि पोटातलं आम्ल त्यांचा निकाल लावतं. हा झाडू दिवसरात्र, आपण झोपलेलो असतानाही, चालू असतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी बेडकाच्या तोंडातल्या अस्तरावर कॉर्कचा कण ठेवून दाखवायचे. तो कण आपोआप सरकताना पाहून वर्ग चिडीचूप व्हायचा.

फ्लूचा विषाणू नेमका याच पेशींना धरतो.

या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या लोंबत असतात. साखळीच्या टोकाला सायलिक आम्ल नावाची एक साखर असते. विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे शेकडो खिळे असतात आणि प्रत्येक खिळ्याच्या माथ्यावर त्या साखरेच्या मापाचा खळगा. बदकाच्या आतड्यात ही साखर साखळीला एका पद्धतीनं जोडलेली असते, माणसाच्या वरच्या श्वासमार्गात दुसऱ्या. माणसाच्या फ्लूला दुसरी जोडणी आवडते. आणि फेरेटच्या श्वासमार्गातही माणसासारखीच जोडणी असते! लंडनच्या त्या तिघांना १९३३ मध्ये हे कळणं शक्यच नव्हतं.

खिळा चिकटला की पेशी विषाणूला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते. पिशवी हळूहळू आंबट होते. सामू (आंबटपणा मोजायचा आकडा, पीएच) पाचाच्या आसपास आला की हिमॅग्लुटिनिनची घडी उलगडते. दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटावी तसं ते प्रथिन लांब होतं, त्याचं टोक पिशवीच्या भिंतीत रुततं, मग ते पुन्हा दुमडून विषाणूचं आवरण आणि पिशवीची भिंत एकमेकांना भिडवतं. दोन्ही एकजीव होतात आणि विषाणूचे आठ आरएनए-तुकडे, म्हणजे त्याची जनुकं, पेशीत शिरतात.

पण ही स्प्रिंग सुटायची तर तिची खिट्टी आधीच कापलेली असावी लागते. हिमॅग्लुटिनिन एका अखंड धाग्यात तयार होतं. ठरावीक जागी त्याचे दोन भाग झाले नाहीत तर स्प्रिंग आंबटपणातही जागची हलत नाही आणि विषाणू फुसका राहतो. कापणारी कात्री विषाणूकडे नसते. ती आपल्या श्वासमार्गातल्या पेशींकडे असते, ट्रिप्सिनच्या जातीचं, प्रथिनं कापणारं एक विकर (एन्झाइम). माणसाचा नेहमीचा फ्लू यकृतात किंवा मेंदूत न पसरता श्वासमार्गातच राहतो, त्याचं मोठं कारण ही कात्री. आणि आता खरी धोक्याची गोष्ट: स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या काही जातींकडेही अशी कात्री असते. म्हणजे फुप्फुसात हा जिवाणू आधीच बसलेला असेल तर तो विषाणूच्या खिट्ट्या कापून देतो.

विषाणू या मदतीची परतफेड करतो. नवे विषाणू पेशीबाहेर पडताना पुन्हा त्याच साखरेला चिकटून अडकू नयेत म्हणून त्यांच्याकडे न्यूरामिनिडेज नावाचं दुसरं प्रथिन असतं. ते सायलिक आम्ल कापत जातं. (ओसेल्टामिविर हे औषध यालाच रोखतं.) साखर कापली गेली की खालचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि न्यूमोनियाचा जिवाणू, न्यूमोकॉकस, त्या उघड्या जागी घट्ट बसतो. त्यात रोमकवाल्या पेशी मरून गळून गेलेल्या. झाडू नाही, अंगण उघडं. नवे रोमक उगवून लाट पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. ताप पाच दिवसांत उतरतो आणि माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. तेवढ्यात पुन्हा थंडी वाजून ताप येतो, छातीत दुखतं. हा दुसरा ताप न्यूमोनियाचा असतो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत आपल्या देशात कोटीहून जास्त माणसं गेली. त्या साथीतल्या मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे तुकडे संशोधकांनी पुन्हा तपासले आणि २००८ मध्ये लिहिलं, की बहुतेक मृत्यूंत जिवाणूंच्या न्यूमोनियाचा हात होता. फायफरला जिवाणू दिसला होता तो खोटा नव्हता. तो मागून आलेला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टुअर्ट-हॅरिस शेफिल्डला वैद्यकाचा प्राध्यापक झाला. शेफिल्ड म्हणजे पोलादाचं शहर, भट्ट्यांच्या धुराचं. तिथे त्याच्यासमोर रोज येत ते जुनाट ब्राँकायटिसचे, म्हणजे श्वासनलिका कायम सुजलेल्या असण्याचे, रुग्ण, ज्यांचा झाडू धुरानं आधीच अर्धामुर्धा झाला होता. धुरानं रोमक आखूड आणि मंद होतात, शेंबूड वाढतो, घट्ट होतो. अशा फुप्फुसात फ्लू शिरला तर निरोगी माणसाला अंथरुणात आठवडा काढायला लावणारा आजार इथे प्राणवायूची नळी लावायची वेळ आणतो. विषाणूच्या प्रयोगशाळेत घडलेल्या या माणसानं पुढची वर्षं अशा छातीच्या रुग्णांत घालवली, याचं मला फार महत्त्व वाटतं. रोग एकाच बाजूनं पाहिला तर अर्धाच दिसतो.

आणि आपलं ग्वाल्हेर? २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या शहरांच्या हवेचे आकडे काढले. बारीक कणांच्या यादीत इराणच्या जाबोलनंतर दुसरं नाव आपलं होतं, घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. तेव्हाची मर्यादा होती १०. अण्णांना बिडी न ओढता हा आजार का झाला, त्याचं बरंचसं उत्तर चूल, दगडाची धूळ आणि हा आकडा यांत आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगली की प्राणवायू वाढतो, फ्लू जवळ येत नाही, असा निरोप दर साथीत मोबाइलवर फिरतो. कापरानं नाकात गार वाटतं, कारण तो थंडाव्याची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. रक्तातला प्राणवायू त्यानं वाढत नाही, विषाणू मरत नाही, आणि लहान मुलाच्या तोंडात कापूर गेला तर झटके येऊ शकतात. तसंच पहिल्या तापालाच दुकानातून अँटिबायोटिक आणून गिळणं. विषाणूवर त्याचा परिणाम शून्य. न्यूमोनियाचा दुसरा ताप आला तर ते लागतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आता अण्णांची सुई. १९४१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हर्स्टच्या लक्षात आलं, की विषाणू वाढवलेल्या अंड्यातल्या द्रवात रक्त मिसळलं की लाल पेशींच्या गुठळ्या होतात. हिमॅग्लुटिनिन हे नाव तिथूनच आलं. प्रतिपिंडं (विषाणूला अडवायला शरीर बनवतं ती प्रथिनं) खिळ्याचा खळगा झाकून बसली तर गुठळ्या होत नाहीत. लस किती लागू पडली हे मोजायला आजही हीच चाचणी वापरतात. नेहमीच्या इंजेक्शनात मारलेला, तुकडे केलेला विषाणू असतो. त्याला पेशीत शिरताच येत नाही, त्यामुळे त्यानं फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते, ती शरीर कामाला लागल्याची खूण. प्रतिपिंडं तयार व्हायला दोन आठवडे लागतात. अण्णांना आठव्या दिवशी फ्लू झाला असेल तर तो त्या मधल्या काळात बाहेरून आला. किंवा तो फ्लू नव्हताच. दुसरा कुठला तरी सर्दीचा विषाणू.

आरएनएची नक्कल करताना हा विषाणू चुका करतो आणि त्या सुधारत नाही, म्हणून खिळ्याचा माथा दर वर्षी थोडा बदलतो. त्यामुळे लसही बदलावी लागते. नव्या लसीत काय असावं हे उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत ठरतं, दक्षिणेसाठी सप्टेंबरात. लस जुळली त्या वर्षीही ती सगळ्यांना वाचवत नाही, साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते. हे लपवण्यात अर्थ नाही. पण सीओपीडीच्या रुग्णांवर थायलंडमध्ये झालेली एक चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. १२५ रुग्ण, अर्ध्यांना लस, अर्ध्यांना फक्त जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. लसवाल्यांत फ्लूमुळे येणारे श्वसनाचे आजार ७६ टक्के कमी होते.

हे सगळं मी अण्णांना आमच्या ओट्यावर बसून दोन सकाळी सांगितलं. स्प्रिंगपाशी ते हरवले, ते मला दिसलं. बेडकाच्या तोंडातल्या कॉर्कपाशी परत आले. शेवटी त्यांनी विचारलं ते वेगळंच: "अंड्यात वाढवतात म्हणता. मग मी घेऊ कशी?" अण्णांच्या घरी अंडं कधी आलेलं नाही. मी सांगितलं, की विषाणू अंड्यात वाढवून मग गाळून, धुऊन, शुद्ध करून घेतात. अंड्यातल्या प्रथिनाचा जेमतेम अंश उरतो. आणि ही गोष्ट ठरवायची तुम्हीच. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डॉक्टरांना विचारू. पावसाळा संपला की आठवण करा."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यावर मी कॅलेंडरात खूण केली आहे. वहिनींचं नावही खाली लिहिलंय. त्याही त्याच चुलीपाशी बसलेल्या.