परीक्षा होईस्तोवर वजन टिकवायचं कसं? (आपला डबा लावलेल्या सगळ्या पोट्ट्या-पोट्टींसाठी)

परीक्षा जवळ आली की आमच्या व्हॉट्सअॅपवर दोन टाईपचे मेसेज सुरू होतात. एक असा, 'काकू वजन परत वाढून राहिलं, उद्यापासून फक्त भाजी पाठवा, पोळी-भात बंद'. दुसरा असा, 'काकू अभ्यासानं लय भूक लागून राहिली, रात्रीच्या डब्यात दोन पोळ्या जास्त टाका'. आणि कित्येकदा हे दोन्ही मेसेज एकाच पोराचे असतात, मध्ये आठवडा गेलेला असतो फक्त. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेहनत करून वजन उतरवलं आहे, आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून हे पान डब्यासोबत पाठवत आहोत. नीट वाचा, रूम पार्टनरलाही द्या.

आमचं म्हणणं एकच आहे. पेपरला तीन महिने राहिले की वजन आणखी कमी करायचं थांबवा, जेवढं कमी झालं तेवढं फक्त टिकवा. उरलेले चार-पाच किलो पेपर झाल्यावर उतरवता येतात, कुठे पळून जात नाहीत. वजन उतरवायचं म्हणजे शरीराला लागतं त्याहून कमी खायचं, आणि कमी खाल्लेल्या पोटी सहा-सात तास लक्ष देऊन वाचणं होत नाही, डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप तुटते, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री अकरा वाजता भूक अशी काही उसळते की समोर येईल ते पोटात जातं. वजन कमी केलेल्या शरीराला आधीपेक्षा थोडं कमी अन्न लागतं पण भूक मात्र आधीपेक्षा जास्त लागते, हे शरीराचं कामच आहे, तुमच्या मनाची कमजोरी नाही. म्हणून या काळात टिकवणं हेच मोठं काम आहे, त्याला कमी समजू नका.

आता अभ्यासानं भूक का लागते ते पाहू. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो आणि बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली वीस टक्के तो एकटा घेतो, हे खरं आहे. पण ती तो झोपेतही घेतोच, कठीण गणितं सोडवली म्हणून त्यात फार भर पडत नाही. कॅनडातल्या लावाल विद्यापीठात 2008 साली चौदा विद्यार्थिनींवर एक छोटा प्रयोग झाला होता, पाऊण तास नुसतं आरामात बसणं, पाऊण तास वाचून त्याचा सारांश लिहिणं, आणि पाऊण तास कॉम्प्युटरवर टेस्ट देणं, असे तीन प्रकार. डोक्याच्या कामात आरामापेक्षा फक्त तीन कॅलरी जास्त खर्च झाल्या, पण त्यानंतर जेवायला बसवलं तर सारांश लिहिल्यावर 203 आणि टेस्टनंतर 253 कॅलरी जास्त खाल्ल्या गेल्या. म्हणजे टेस्ट सिरीजचा पेपर देऊन बाहेर आल्यावर जी आग पडल्यासारखी भूक लागते ना, ती पोटाची कमी आणि ताणाची जास्त असते. तेव्हा टपरीवर जाण्याआधी दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, चालत एक चक्कर मारा, उत्तरं जुळवून घ्या मित्रासोबत. त्यानंतरही भूक असेल तर ती खरी आहे, मग खा, उपाशी राहू नका.

वजन वाढतं ते आपल्या डब्यानं वाढत नाही असं आम्ही म्हटलं तर तुम्हाला वाटेल धंद्याचं बोलून राहिले. हिशोब करून पाहा. अभ्यासिकेखालचा चहा, दोन चमचे साखरेचा, दिवसाला पाच कप. एक चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम साखर, झाली 50 ग्रॅम, म्हणजे 200 कॅलरी, दूध वेगळं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, आणि तुमची त्याच्या दुप्पट नुसत्या चहात गेली. सोबत समोसा नाहीतर आलूबोंडा आला की अडीचशेच्या आसपास आणखी. रात्री बारा वाजता मॅगीचं एक पाकीट, तीनशे. हे सगळं एखाद्या दिवशी झालं तर काही बिघडत नाही, रोज झालं तर दोन-तीन महिन्यांत पॅन्ट घट्ट होते आणि मग तुम्ही पोळी बंद करायला निघता, चहा तसाच राहतो!

चहा सोडा असं आम्ही सांगणार नाही, नागपूरच्या माणसाला ते जमणार नाही आणि गरजही नाही. तीन कप, अर्धा चमचा साखर, आणि शेवटचा कप संध्याकाळी पाचच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, सात वाजता प्यायलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन मध्यरात्री अंगातच असतं. तर्री पोहे आवडत असतील तर रविवारी खा मस्त, पोहे आणि चणे चांगलेच आहेत, वरचं तेल तेवढं कमी घ्यायला सांगा, तेलाचा एक लहान चमचा म्हणजे 45 कॅलरी. सावजीचंही तेच, महिन्यातून एखादवेळा मित्रांसोबत जायचं असेल तर जा, पण पेपरच्या आधीच्या आठवड्यात नको, पोट बिघडलं तर वर्षभराची मेहनत वाया.

पोट भरलेलं राहायला सगळ्यात कामाचं काय, तर प्रोटीन आणि भाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनाला दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे साठ किलोच्या मुलाला साधारण 50 ग्रॅम. रूमवर राहणारी पोरं इथेच कमी पडतात, नाश्ता बिस्किटाचा, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री पुन्हा तेच. म्हणून आपल्या डब्यात आम्ही वरण घट्ट देतो, एका वाटीत सहा-सात ग्रॅम प्रोटीन येतं, आठवड्यातून दोनदा सोयाबीन वडीची भाजी असते (तीस ग्रॅम कोरड्या वडीत पंधरा ग्रॅम प्रोटीन, आणि सोयाबीन आपल्या विदर्भातलंच), झुणका असतो, मोड आलेली मटकी असते, दही असतं. जवसाची चटणी टाकून देऊ नका बापा, चमचाभर असते पण फायबर आणि चांगली चरबी दोन्ही त्यात आहे. सांबार (म्हणजे कोथिंबीर), टमाटे, काकडी घातलेली कोशिंबीर आधी खा, मग भाजी-वरण, मग पोळी. पोळ्या दोन खायच्या की चार हे तुमच्या अंगकाठीवर आणि दिवसभरात किती चालता त्यावर आहे, सगळ्यांना एकच आकडा लावता येत नाही. पण पोळी आणि भात दोन्ही पूर्ण बंद, हे आम्ही परीक्षेच्या काळात करून देणार नाही. फक्त सूप-सलाडचा डबाही देणार नाही. नाराज झालात तरी चालेल.

मधल्या वेळेसाठी खोलीत काय ठेवलं आहे यावर अर्धं ठरतं. फुटाणे ठेवा, मूठभर म्हणजे तीस ग्रॅममध्ये सहा ग्रॅम प्रोटीन आणि जेमतेम सव्वाशे कॅलरी. उकडलेली अंडी खात असाल तर दोन. शेंगदाणे चांगले पण मोजून, डब्बा घेऊन पुस्तकासमोर बसलात तर किती गेले कळतच नाही. संत्र्याच्या सीझनमध्ये संत्री, सोलून खा, रस काढून नको, रसात तीन-चार संत्र्यांची साखर एका घोटात जाते आणि चोथा राहतो मागे. आणि वाचताना खाऊच नका, हे सगळ्यात अवघड आहे पण करून पाहा, दहा मिनिटं पुस्तक बंद, मोबाईल पालथा, फक्त खाणं.

झोपेचं

इथं थोडं कडक बोलतो. शिकागो विद्यापीठात 2004 साली बारा तरुण निरोगी मुलांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हार्मोन अठरा टक्के कमी झालं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन अठ्ठावीस टक्के वाढलं, आणि इच्छा कशाची झाली तर गोड, खारं आणि मैद्या-बटाट्याच्या पदार्थांची. दोनच रात्रींत. तुम्ही महिना महिना रात्री दोनपर्यंत जागून सहाला उठता, मग दुपारी बर्फी का खावीशी वाटते हे विचारता. सात तास झोप घ्या. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं तेही झोपेतच, त्यामुळे तो वेळ अभ्यासातलाच धरा. रात्री जागायचंच असेल तर जेवण साडेआठपर्यंत उरकून घ्या आणि साडेदहाच्या आसपास एक कप हळदीचं दूध, बिनसाखरेचं. त्यानंतर किचन बंद समजा.

चालणं आणि ऊन

आठवड्याला 150 मिनिटं जोरात चालणं, एवढं तर मोठ्या माणसाला लागतंच, परीक्षा असो नसो. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. जिम बंद झाली म्हणून दुःख करू नका. सकाळी फुटाळ्यावर, अंबाझरीला, सेमिनरी हिल्सवर, नंदनवन-सक्करदऱ्याकडे राहत असाल तर गल्लीतच, कुठेही. सलग अर्धा तास मिळत नसेल तर जेवण झाल्यावर दहा-दहा मिनिटं तीनदा, त्यानं जेवणानंतरची साखरही कमी चढते आणि दुपारची झोपही उडते. मनातल्या मनात रिव्हिजन करत चालता येतं.

एप्रिल-मे मध्ये मात्र वेगळं आहे, पारा 44-45 वर असतो, तेव्हा चालणं पहाटे साडेपाचला नाहीतर रात्रीच्या जेवणानंतर, मध्ये नाहीच. कूलरसमोर बसून घाम जाणवत नाही पण पाणी जात राहतं, आणि तहान लागली की पोरांना ती भूक वाटते. बाटली टेबलावर ठेवा. ताक आपल्या डब्यात मे अखेरपर्यंत रोज आहे, पन्हं आठवड्यातून तीनदा, गूळ कमीच घालतो. कोल्ड्रिंकच्या 300 मिलीमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर असते, तेव्हा ते नकोच.

काट्यावर रोज चढू नका

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, काही खाण्याआधी. अमेरिकेत 1994 पासून वजन कमी करून ते टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते, त्यात नाव घालायला किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेलं असावं लागतं, आणि त्यातले बहुतेक लोक तीन गोष्टी करताना दिसतात, सकाळचा नाश्ता चुकवत नाहीत, आठवड्याला एकदा तरी वजन करतात आणि भरपूर चालतात. रोज वजन केलं तर परीक्षेच्या काळात उगाच धास्ती बसते. खारट खाल्लं, भात जास्त झाला, पाळी जवळ आली तर एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, ते पाणी असतं. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7,700 कॅलरी, ती एका रात्रीत चढत नाही. दोन किलोच्या आत हलत असेल तर सगळं ठीक चाललंय समजा. तीन आठवडे सलग वरच जात असेल तर आधी चहाची साखर आणि रात्रीचं खाणं पाहा, पोळी नंतर.

आणि हे मनापासून सांगतो. जेवल्यावर अपराधी वाटणं, मुद्दाम उलटी काढणं, दिवस दिवस न जेवणं, चक्कर येणं, पाळी बंद होणं, केस गळणं, असं काही होत असेल तर ते डाएट नाही, डॉक्टरकडे जा, लपवू नका. थायरॉइड, डायबेटीस किंवा कुठली गोळी चालू असेल तर आमचं ऐकण्याआधी तुमच्या डॉक्टरांचं ऐका. मन फारच खाली गेलं असेल, रडू येत असेल, झोप पूर्ण उडाली असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. आईबाबांनाही विनंती, फोनवर 'जाड झालास' किंवा 'किती वाळलीस' ही दोन्ही वाक्यं पेपर होईपर्यंत बोलू नका. जेवलास का, झोपलीस का, एवढंच विचारा.

पेपरच्या दिवसाचा डबा

नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो आणि गेट दीडला बंद होतं, म्हणून तो डबा आम्ही सकाळी दहाला पोचवतो, साडेअकरापर्यंत जेवून घ्या. मुगाचं वरण, भात, एक पोळी, दही, साधी भाजी. तिखट नाही, तळलेलं नाही, नवीन काहीच नाही. यूपीएससीच्या प्रिलिमला दोन पेपर असतात, साडेनऊ ते साडेअकरा आणि अडीच ते साडेचार, मधल्या तीन तासांसाठी दहीभात किंवा दोन पोळ्यांचा मटकीचा रोल आणि एक फळ बांधून देतो, सकाळी निघतानाच घेऊन जा, कारण सेंटरच्या बाहेर काय मिळेल सांगता येत नाही. इतर परीक्षांसाठी हॉलतिकीटावरची वेळ पाठवा, त्याप्रमाणे बनवू.

पोळ्यांची संख्या, भात कमी-जास्त, तेल कमी, असं काही बदलायचं असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत मेसेज करा, बदल एका वेळी एकच आणि किमान दोन आठवडे तोच ठेवा, नाहीतर कशानं फरक पडला कळत नाही. गावाला जात असाल तर दोन दिवस आधी सांगा, त्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. पेपरचा डबा हवा असेल त्यांनी सेंटरचा पत्ता आणि वेळ आठ दिवस आधी कळवा.